बुटात आधी हात

माझ्या नणंदेची माणसांशी ओळख पायांपासून सुरू होते आणि पुष्कळदा घोट्याच्या वर सरकतच नाही. दारात कुणी आलं की त्या आधी खाली बघतात. शेजारच्या बाईंना वाटायचं, स्वभाव लाजाळू आहे. लाजाळू कसला! तेवढ्या वेळात त्यांनी शेजारीणबाईंच्या चपलेची कड पाहून ठेवलेली असायची, आणि दार लागल्यावर मला सांगायच्या, "वहिनी, या रोज तासभर चालायला जातात म्हणाल्या ना? कुठे जात नाहीत. चप्पल काय, कालच दुकानातून आल्यासारखी आहे."

मी त्यांना वन्सं म्हणते. माझ्या यजमानांची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही. यजमान गेल्यावर त्या माझ्याकडे राहायला आल्या, म्हणजे "वहिनींना सोबत" म्हणून आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात माझे सगळे जोडे उलटे करून, तळ बघून, त्यातले दोन फेकून दिले. सोबत ही अशी.

शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, पायांचा दवाखाना आहे. तिथे दुखऱ्या पायांचे साचे घेतात, त्यावर बुटात घालायचे आधाराचे इनसोल करतात आणि ज्यांना साधे बूट चालत नाहीत त्यांना खास बूट देतात. वन्सं तिथल्या जुन्या. पण त्यांचं खरं काम शिकाऊंना सांभाळायचं. कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या मुली आणि मुलं एकेका सत्रापुरती त्यांच्या हाताखाली येतात. कॉलेजात पुस्तकातला पाय शिकवतात, माणसाला जोडलेला पाय इथे येऊन शिकायचा. सत्र संपलं की वन्संनी पास किंवा नापास लिहून सही करायची. त्या सहीशिवाय कुणी पुढे जात नाही.

वन्संचा शिकवण्याचा पाया एकच: कुणावर विश्वास ठेवायचा नाही.

"पेशंट खोटं बोलतो," असं त्या पहिल्याच दिवशी सांगतात. "मुद्दाम बोलतो असं नाही. पण तुम्ही समोर उभे आहात, पांढरा कोट घालून, अपेक्षेनं बघताय, तर तो तुमचं मन मोडत नाही. तेव्हा तोंडाला विचारू नका, बुटाला विचारा." एखादी बाई म्हणते, इनसोल रोज वापरते हो, पण फरक नाही. वन्सं तिच्या बुटातून इनसोल ओढून काढतात. त्यावर बोटांचे ठसे नसतात, घामाचा डाग नसतो. "कपाटात ठेवून पाय बरा होत नाही, बाई," म्हणतात आणि परत घालून देतात.

शिकाऊंसाठी सापळेही लावतात. साच्यांच्या फळीवर एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा शेजारी ठेवून देतात, कोण ओळखतं ते बघायला. तयार बुटात कधी वाटाणा, कधी फेल्टच्या जाड कापडाचा तुकडा टाकून ठेवतात. कारण त्यांचा नियम आहे: बूट पेशंटच्या पायात जायच्या आधी तुमचा हात बुटात गेला पाहिजे. हात न घालता बूट पुढे केला की वन्सं काही बोलत नाहीत, फक्त त्या शिकाऊला तो बूट पायात घालून दिवसभर फिरायला लावतात. एकदा एक उंच मुलगा संध्याकाळी लंगडत बाहेर पडताना मी पाहिला. त्याच्या मापाचा बूट नव्हता, पण वाटाणा मात्र होता.

लग्नाचीही एक गोष्ट आहे. तरुणपणी त्यांच्यासाठी एक जण घरी बोलणी करायला आला. दिसायला छान, बोलायला मऊ. तो आत बसलेला असताना वन्सं दारात काढलेल्या त्याच्या बुटांपाशी. मग सासूबाईंना स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "बूट दुसऱ्याचे आहेत. घडी पडलीय तिथे याची बोटं वाकतच नाहीत." चौकशी केली, तर थोरल्या भावाचे निघाले. सासूबाई म्हणाल्या, अगं, एवढ्यावरून? वन्सं म्हणाल्या, "पहिल्या भेटीला दुसऱ्याचे बूट, पुढे काय काय दुसऱ्याचं निघेल!" विषय संपला. माझे यजमान पुढे गमतीनं सांगायचे की आमच्याकडे स्थळ चालून आलं खरं, पण भावाच्या पायांनी.

माझा या दवाखान्याशी संबंध असा की शिकाऊंना सरावासाठी पाय लागतात, आणि आमच्या घरात पाय म्हणजे माझेच. मला साखरेचा थोडा त्रास आहे, म्हणून वन्संच्या दृष्टीनं मी सरावालाही बरी आणि तपासणीलाही. दर गुरुवारी मी जाते, खुर्चीत बसते, कुणीतरी पोर माझी बोटं मोजतं. मग वन्संचं काम आटोपेपर्यंत तिथेच बसते. कॉन्व्हेंट शाळेत असताना सिस्टरांनी रोज झोपण्यापूर्वी दिवसाचं आत्मपरीक्षण लिहायची सवय लावली होती. ती अजून आहे, फक्त त्यात आत्म कमी आणि परीक्षण जास्त असतं. त्यामुळे त्या खोलीतलं माझ्या नजरेतून फारसं सुटत नाही.

या वर्षी ज्या तिघीजणी आल्या, त्यातल्या एकीला वन्संनी विमान नाव ठेवलं. चटपटीत, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. बाकीच्या दोघी एक पाय तपासून होईपर्यंत हिचे दोन्ही पाय तपासून, लिहून, पेशंटचे मोजे परत चढवून व्हायचे.

"हे विमान फार लवकर उतरतं," वन्सं घरी म्हणाल्या.

"हुशार असेल."

"हुशार लवकर उतरत नाहीत, वहिनी. ज्यांनी उड्डाणच केलं नाही ते लवकर उतरतात."

संशयाला कारण होतं. ही मुलगी आधी दुसऱ्या एका दवाखान्यात होती, आणि तिथे तिला नापास केलं होतं. तिच्या नावापुढे शेरा होता, "तपासणी न करता नोंद करते." कॉलेजचा नियम असा की दुसऱ्यांदा नापास झालं तर अभ्यासक्रमातून नाव काढतात, परत संधी नाही. म्हणजे वन्संची सही ही तिची शेवटची सही होती. हे तिलाही माहीत होतं. वन्सं खोलीत आल्या की तिचे खांदे आपोआप वर जायचे.

तिनं मला तपासलं तो दिवस मला आठवतो. पायाची संवेदना बघायची एक साधी रीत आहे. एका दांडीला नायलॉनचा जाडसर केस बसवलेला असतो. तो तळव्यावर ठरावीक जागी टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा, उचलायचा. पेशंटनं डोळे मिटून बसायचं आणि जाणवलं की "हो" म्हणायचं. साखरेच्या पेशंटचा पाय हळूहळू बधिर होतो आणि त्याला ते कळत नाही. खडा बोचत नाही, जखम दुखत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तो केस.

मी डोळे मिटले. टेकलं. हो. टेकलं. हो. इतकं शांत, एकसारखं काम की मला गुंगी येऊ लागली. घड्याळ ऐकत पडावं तसं. दोन्ही पाय झाले तेव्हा मी म्हटलं, "किती हलका हात गं तुझा." ती पहिल्यांदा हसली.

वन्संनी ते पडद्याआडून ऐकलं होतं. रस्त्यात मला म्हणाल्या, "पेशंटला हात आवडला म्हणजे हातानं काम केलं असं होत नाही."

मला राग आला. मनात आलं, वन्संनी हिला आधीच नापास करून टाकलंय, आता फक्त कारण शोधताहेत. आणि कारण शोधणाऱ्याला कारण सापडतंच.

सापडलं ते कवायतमास्तरांच्या बुटात.

मास्तर म्हणजे एका शाळेतले निवृत्त कवायतशिक्षक. वय झालं तरी पाठ ताठ, बूट आरशासारखे, नाड्या अशा आवळलेल्या की पाय बुटात आहे की पायाला बूट रंगवलाय कळू नये. साखर जुनी. काही दिवसांपूर्वी विमाननं त्यांची तपासणी केली होती आणि सगळ्या जागी संवेदना उत्तम अशी नोंद करून साधे इनसोल लिहिले होते. त्या गुरुवारी ते इनसोल घालून बघायला आले. वन्सं स्वतः समोर बसल्या. मी पलीकडच्या खुर्चीत होते.

मास्तर नाड्या सोडता सोडता घरचं गाऱ्हाणं सांगत होते. सून फार विसरभोळी. टपालपेटीची किल्ली हरवून बसली, आणि वर म्हणते मी घेतलीच नव्हती.

"काल दिवसभर घर उलटंपालटं केलं," मास्तर म्हणाले. "मी तिला म्हटलं, किल्लीला पाय फुटतात का?"

वन्संनी त्यांचा उजवा बूट घेतला, सवयीनं आत हात घातला, आणि थांबल्या. मग हात बाहेर काढला. तळहातावर एक छोटी किल्ली होती.

"हीच का?"

मास्तरांनी किल्लीकडे पाहिलं. मग आपल्या पायाकडे. वन्संनी मोजा काढला. चवड्याखाली, अंगठ्याच्या मागे, किल्लीचा अख्खा ठसा उमटला होता, दात्यांसकट, लालभडक. कातडी फाटली नव्हती एवढंच नशीब.

"कालपासून घालून फिरताय?"

"सकाळचं फिरणं धरून," मास्तर हळू आवाजात म्हणाले. नंतर थोडं सावरून, "सुनेनंच टाकली असणार."

वन्संनी तो केस काढला. त्यांना डोळे मिटायला सांगितलं. टेकवला. थांबल्या. बराच वेळ काहीच केलं नाही. मग लागोपाठ दोनदा टेकवला. पुन्हा थांबल्या. मास्तर गप्प. अंगठा गेला, चवडा गेला, फक्त टाचेपाशी एकदा ते "हो" म्हणाले. बाकी उजवा पाय त्यांना काही सांगत नव्हता.

वन्संनी विमानला हाक मारली.

"या पायाची तपासणी तू केलीस?"

"हो, मॅडम."

"सगळ्या जागी?"

"सगळ्या."

"आणि यांना सगळीकडे जाणवलं?"

तिचं लक्ष किल्लीकडे गेलं, ठशाकडे गेलं. चेहरा उतरला, पण आवाज पडला नाही. "प्रत्येक जागी मी टेकवलं, मॅडम. प्रत्येक वेळी ते हो म्हणाले."

"मास्तर, हिनं तुम्हाला असा केस टेकवून तपासलं होतं?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. "एवढं कुठं लक्षात राहतं आता. केलं असेल काहीतरी."

त्या पोरीनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. पाठमोऱ्या माणसाला हाक मारावी आणि त्यानं ऐकू येऊनही वळू नये, तशी ती नजर. वन्सं एवढंच म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी सत्र संपतंय. तेव्हा बोलू." मास्तरांना इनसोल न देता, पायाला फेल्ट लावून, पुढच्या गुरुवारी परत बोलावलं.

घरी त्या रात्री जेवायला बसलो. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"वन्सं, ती खोटं बोलत नव्हती."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मला तर तिनं नीट तपासलं होतं. एकही जागा सोडली नाही."

"तुम्ही आधीपासून तिच्या बाजूच्या."

"आणि तुम्ही आधीपासून विरुद्ध!"

हे मी मोठ्यांदा म्हणाले याचं मलाच नवल वाटलं. वन्संनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता भांडण. पण त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "कसं तपासलं? करून दाखवा."

मी पेन घेतलं आणि टेबलावर टेकवून दाखवू लागले. असं टेकवायची, असं उचलायची. टिक. टिक. टिक. टिक. माझा हात आपोआप त्याच चालीत गेला, आठवड्यांनंतरही. वन्सं माझ्या हाताकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, "पुरे," आणि ताट उचलून आत गेल्या. पुढचे दिवस मी कितीही खोदून विचारलं तरी एक शब्द काढला नाही. मला वाटलं, रुसल्या.

गुरुवारी गेले तर त्यांनी मला खुर्चीत बसवून माझ्या दोन्ही पायांना ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळल्या. साचा घ्यायचाय, म्हणाल्या. ते वाळेपर्यंत माणसाला हलता येत नाही. नाहीतर पुढे जे झालं त्या वेळी मी सभ्यपणे बाहेर गेले असते, असं म्हणायला माझी हरकत नाही. पण मला आता शंका येते की मी साक्षीदार म्हणून तिथे राहावं अशीच त्यांची योजना होती.

मास्तर आले. या वेळी बूट काढल्यावर त्यांनी स्वतःच एकदा आत बोटं फिरवली, कुणी पाहत नाही असं बघून. वन्संनी विमानला बोलावलं.

"यांची तपासणी कर. उजवा पाय. मागच्या वेळी केलीस तशीच. माझ्यासमोर."

तिनं केस हातात घेतला. मास्तरांनी डोळे मिटले, हात मांड्यांवर ठेवले, पाठ ताठ केली. ती सुरू झाली. टाच.

"हो."

चवडा.

"हो."

"हो."

"हो."

मी कान देऊन ऐकत होते. ज्या पायाला किल्ली कळली नव्हती, तो केस ओळखत होता! विमाननं एकदा मान वर करून वन्संकडे पाहिलं. बघा, असं त्या नजरेत होतं. वन्सं तिच्या अगदी जवळ उभ्या होत्या. त्यांनी वाकून, आवाज न करता, तिच्या हातातली ती दांडी काढून घेतली आणि दोन पावलं मागे सरकल्या. मुलीचे हात रिकामे. मास्तरांच्या पायाजवळ कुणी नव्हतं.

"हो," मास्तर म्हणाले.

कुणी हललं नाही.

"हो."

"हो."

तसेच, त्याच अंतरानं, मैदानावर पोरांची रांग चालवावी तसे. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी हसूही येत होतं. ती मुलगी तोंडावर हात दाबून उभी होती.

"हो... झालं का?" मास्तरांनी डोळे उघडले. समोर रिकाम्या हाताची मुलगी, आणि दाराजवळ केस धरून वन्सं.

"केव्हाच झालं," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही मात्र पुढे निघून गेलात."

मास्तरांचा चेहरा हळूहळू पोरासारखा झाला. "तिचा ठेका कळतो हो," ते म्हणाले. "सगळा जन्म एक-दोन, एक-दोन करण्यात गेला. पहिल्याला टाचेला जरा लागल्यासारखं वाटलं, पुढचं मग... पाय नाही सांगत तर कान सांगतात. तिच्या कोटाची बाही दर वेळी सळसळते."

"पण का, मास्तर?"

"तुमचे ते बूट!" ते एकदम चिडून म्हणाले. "होडीसारखे. माझ्या मित्राला दिलेत ना? आधी ते बूट आले, मग काठी आली, मग चाकाची खुर्ची. मला माहितेय क्रम."

"त्याचा पाय बुटानं नाही गेला. बूट उशिरा मिळाला म्हणून गेला," वन्सं म्हणाल्या. "आणि मागच्या गुरुवारी हिनं तपासलं की नाही विचारलं तेव्हा तुम्हाला आठवत नव्हतं. आज आठवतंय?"

"मागच्या गुरुवारी तुमच्या हातात किल्ली होती," मास्तर म्हणाले. मग त्या मुलीकडे न बघता, "तपासलं होतं तिनं. दोन्ही पाय. उगाच पोरीचं..." आणि थांबले.

मास्तरांना बाजूच्या खोलीत बुटांचं माप द्यायला पाठवलं. विमान अजून तिथेच उभी होती. मला वाटलं आता वन्सं तिची माफी मागतील. निदान पाठीवर हात ठेवतील. मी वन्संना इतकी वर्षं ओळखूनही असं वाटलं, याला काय म्हणावं?

"इतकं एकसारखं कसं जमतं तुला?" वन्सं म्हणाल्या.

"मोजते मनात. एक, दोन, उचल. दाब कमीजास्त होऊ नये म्हणून. पहिल्या वर्षीच सवय लावून घेतली." आणि मग तिला काहीतरी उमगलं. "त्या आधीच्या दवाखान्यातसुद्धा... तिथेही पेशंट हो म्हणाले होते. मॅडम, मी खरंच..."

"तू खोटं बोलली नाहीस. कुठेच," वन्सं म्हणाल्या. "पण तुझा हात दुसऱ्याकडून खोटं बोलवून घेतो. पेशंटच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच. त्याचा पाय जातोच."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वन्संनी ते पाहिलं आणि तिला फळीवरचा कापसाचा गठ्ठा दिला, रुमाल नव्हे. मग माझ्यासमोरच कॉलेजला फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज मला ऐकू येत होता. त्या म्हणत होत्या, आज सत्र संपतंय, पास की नापास तेवढंच सांगा.

"दोन्ही नाही," वन्सं म्हणाल्या. "काम खरं आहे, हात कच्चा आहे. असं लिहायला जागा आहे का तुमच्याकडे?... नाही ना? मग मी आज सही करत नाही. तिला माझ्याकडे ठेवते, हात पक्का होईपर्यंत... नियम? नियमात 'आज' लिहिलंय का? वाचून बघा. मी थांबते."

बाईंनी बहुधा वाचून पाहिलं. वन्सं थांबल्या. तशा त्या थांबण्यात फार तरबेज आहेत.

त्यानंतर त्या मुलीनं एकच काम केलं. या सत्रात तिनं ज्यांचे ज्यांचे पाय तपासले होते, त्या प्रत्येकाला फोन करून परत बोलावलं. वन्संनी तिला मोजायची बंदी केली. कोटाच्या बाह्या वर दुमडायला लावल्या. मध्येच थांबायचं, नुसतं बसून राहायचं, पेशंटला अवघड वाटेपर्यंत. तिला ते फार जड गेलं. नीटनेटक्या माणसाला वेडंवाकडं वागायला शिकवणं हे वेड्यावाकड्या माणसाला सुधारण्यापेक्षा कठीण, असं वन्सं म्हणायच्या. बहुतेक सगळ्यांचे पाय ठीक निघाले. दोघांचे नव्हते.

त्या दोघांतले एक मास्तर. दुसरी मी.

मी डोळे मिटून बसले होते, आणि खोलीत काहीच होत नव्हतं. मी वाट बघत होते की ती कधी सुरू करते. बऱ्याच वेळानं डाव्या पायाला स्पर्श झाला, मी हो म्हटलं. मग परत शांतता. शेवटी मी कंटाळून विचारलं, "अगं, उजवा कधी घेणार?"

"झाला, आजी," ती म्हणाली.

मी डोळे उघडले. वन्सं तिच्या मागे उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा मी यजमानांच्या आजारपणात पाहिला होता तसा होता. माझ्या उजव्या पायानं मला न विचारता निवृत्ती घेतली होती. मी मास्तरांसारखं फसवलं नव्हतं. आधीच्या वेळी मला खरोखर जाणवलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. आता कशाची शपथ घ्यावी?

महिनाभरानं वन्संनी विमानच्या कागदावर सही केली. पास. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली असं मला वाटलं, पण ती माझ्या बुटांचे तळ बघत होती. हिचंही आता कल्याण झालं, म्हणजे हिच्या घरच्यांचं कठीण आहे. मास्तर त्यांच्या होड्या घालून येतात, पॉलिश केलेल्या, आणि अजूनही सांगतात की किल्ली सुनेनंच टाकली.

आमच्या घरात तेव्हापासून एकच बदल झाला. मी बाहेर निघाले की वन्सं माझे बूट उचलतात, दोन्हीत हात घालतात, मग माझ्यासमोर ठेवतात. मी म्हटलं, मला मेलीला हात नाहीत का? त्यावर म्हणाल्या, "विश्वास तुमच्यावर आहे, वहिनी. पायावर नाही." मी हट्टच धरला, तेव्हा नाइलाजानं ते काम माझ्यावर सोपवलं.

परवा सकाळी मी निघायच्या गडबडीत होते. एक बूट चढवला, दुसरा उचलला, आणि आठवण होऊन आत हात घातला. फेल्टचा गोल तुकडा हाताला लागला, बटणाएवढा. वन्संचा सापळा! मला असा आनंद झाला की तो तुकडा घेऊन मी, एक बूट पायात एक हातात, तशीच स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या चहाच्या बशीत ठेवला.

वन्संनी तुकड्याकडे पाहिलं, कप उचलला, एक घोट घेतला.

"कुठल्या बुटात मिळाला?"

"डाव्या."

"छान," त्या म्हणाल्या. "मी दोन टाकले होते."

उजवा बूट माझ्या पायात होता.